रंग चढेपर्यंत

त्या गल्लीतल्या बायकांचं एक ठरलेलं होतं. केस कापून झाले, मानेवरचे बारीक केस झटकून झाले, आरशात पुढून-मागून बघून नाक मुरडून झालं, की दाराबाहेर पाय टाकताना जी ती म्हणायची, "येते हं ताई." निघालेल्या माणसाने 'जाते' म्हणायचं नाही, ही आपली बोलायची रीतच आहे. पार्लरवाल्या ताईच्या कानांवरून तो शब्द दिवसभर जायचा आणि ती हातातल्या कंगव्यातून केस काढत "या हं" म्हणायची.

पण संध्याकाळी समोरच्या घरातला मुलगा चपला पायात सरकवत ओरडायचा, "आई, येतो गं!" आणि त्याची आई आतूनच ओरडायची, "लवकर ये!" तेवढं ऐकलं की ताईचा कंगवा थांबायचा. तिला वाटायचं, आपल्याही दारातून एकदा असं कोणी ओरडावं. आपणही आतून, हातातलं काम न सोडता, जरा वैतागून "लवकर ये" म्हणावं. आपल्याला काय मिळतंय याची त्या आईला कल्पनाही नव्हती, आणि ताईला मात्र त्याच्यावाचून जेवण गोड लागत नव्हतं.

ताईचा मुलगा सोन्या. जन्मला तेव्हा रडायला उशीर झाला. मेंदूला हवा कमी पडली, असं डॉक्टर म्हणाले. त्याचा उजवा पाय फरफटायचा, उजव्या हाताची मूठ सहसा उघडायची नाही, आणि बोलणं फार सावकाश यायचं. कळायचं मात्र सगळं. कोणतं गिऱ्हाईक खोटं वय सांगतं हेसुद्धा कळायचं. नवरा वारल्यावर ताईने घराची पुढची खोली पार्लरला दिली. एक खुर्ची, एक मोठा आरसा, मध्ये फुलाफुलांचा पडदा आणि पडद्यामागे मायलेकांचा संसार. सोन्या डाव्या हाताने जमिनीवरचे केस झाडायचा, चिमटे हातात द्यायचा, खुर्चीचे स्क्रू आवळायचा.

लोक सोन्यावर माया करायचे, याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती. उलट मायेचाच अतिरेक होता. त्याने "मला पा..." म्हटलं की दोघी-तिघी पाण्याचा पेला घेऊन धावायच्या. त्याला हवा असायचा पाना. मग बिचारा पाणी प्यायचा, कारण नको म्हणायला आणखी वेळ लागला असता. सगळ्या जगाला त्याचं वाक्य पुरं करून द्यायची घाई. आणि या शर्यतीत पहिला नंबर कोणाचा, तर ताईचा. त्याच्या पहिल्या अक्षरावरून शेवटचा शब्द ओळखते, म्हणून तिला चांगलाच अभिमान होता.

रविवारी दोघं चर्चला जायची. शेवटच्या बाकाच्या टोकाला त्यांची जागा ठरलेली. उपासना संपली की मंडळीतली वडीलधारी माणसं यायची, सोन्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याच्यासाठी प्रार्थना करायची, आणि त्याच्या डोक्यावरूनच ताईला विचारायची, "बाळ कसं आहे?" बाळाला मिशा फुटून बरीच वर्षं झाली होती. तोवर तरुण संघातली मुलंमुली अंगणात घोळका करून उभी असायची. कुठे जायचं, कोणाच्या गाडीवर कोण बसणार, यावर वाद, हसणं, ढकलाढकली. मग सगळा घोळका फाटकातून बाहेर पडायचा आणि अंगण एकदम रिकामं व्हायचं. सोन्या दाराच्या चौकटीला धरून बघत राहायचा. त्याची ती मान वळलेली असायची ना, ती ताईला बघवत नसे. मुलाला काही कमी पडू दिलं नाही असं ती म्हणायची, पण मित्र काही शिवून देता येत नाही.

एक दिवस ती पाळकसाहेबांकडे गेली.

"आपल्या मंडळीत सोन्यासारखी आणखीही आहेत," ती म्हणाली. "नळवाल्याची मुलगी आहे, चाकांच्या खुर्चीत बसते. ती ऐकू न येणारी बहीणभाऊ आहेत. कोणी कोणाला भेटत नाही. शनिवारी संध्याकाळी त्यांच्यासाठी काहीतरी करा. शास्त्र वाचा, गाणी म्हणा, प्रार्थना करा, नुसत्या गप्पा मारा. येशूने लहानमोठं सगळ्यांना जवळ बोलावलं, असं तुम्हीच सांगता. मग यांना अंगणात तरी बोलावा."

पाळक भिडस्त माणूस. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"खोली आजपासून तुमची," तो म्हणाला. "पण ताई, तुम्ही आणि मी, दोघांनीच गाडा ओढला तर थोड्याच दिवसांत दमून बसू. मंडळीतली माणसं हवीत. आठवड्यातून एकदा मदतीला येणारी नकोत. मुलांशेजारी येऊन बसणारी हवीत. तेवढी आणा."

झालं. ताईने पदर खोचला.

आता ताईच्या हाती होती कात्री, आणि कात्री कानाशी आली की भल्याभल्यांचे स्वभाव मऊ होतात. मंडळीतल्या निम्म्या बायका तिच्याच खुर्चीत बसायच्या. ताई त्यांची मान खाली दाबायची आणि म्हणायची, "शनिवारी याल ना मुलांबरोबर बसायला?" मान खाली असलेल्या बाईला मान हलवून नाहीही म्हणता येत नाही.

"अगं, हे तर देवाचं काम! विचारतेस काय?"

"मी तर कधीची म्हणत होते, असं काहीतरी पाहिजे म्हणून!"

"प्रभूची इच्छा असेल तर नक्की."

आता प्रभूची इच्छा काय आहे, हे कळायला शनिवार उजाडावा लागतो. ताईला मात्र वाटलं, आख्खी मंडळीच लोटणार. तिने खोली झाडली, खुर्च्या गोल मांडल्या, कमी पडतील म्हणून शेजारच्या खोलीतल्याही आणल्या. सोन्याने नवा शर्ट घातला आणि दाराकडे तोंड करून बसला.

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! आले कोण? पाळक. नळवाला आणि त्याची मुलगी. बहीणभाऊ आणि त्यांची आजी. बस. ज्यांनी माना डोलावल्या होत्या त्यांच्यातलं कुत्रंही फिरकलं नाही. एकीने निरोप पाठवला, पाहुणे आलेत. एकीने खेळण्यांची पिशवी पाठवली. नळवाल्याच्या मुलीने ती मांडीवर उलटी केली, तर त्यातून एक खुळखुळा निघाला. तिने तो वाजवून बघितला.

"चला," ती म्हणाली, "दात येईपर्यंतची सोय झाली."

सगळे हसले. ऐकू न येणारी भावंडंही तिचं तोंड बघून हसली. हसू संपलं आणि मग रिकाम्या खुर्च्या फारच दिसायला लागल्या. बाहेर पाऊल वाजलं की सोन्याची नजर दाराशी जायची, आणि पाऊल पुढे निघून गेलं की पुन्हा गुडघ्यांवर यायची. गाणी म्हटली, प्रार्थना झाली, पण ताईचं चित्त त्या नजरेपाशीच अडकून राहिलं होतं.

खुर्च्या परत लावताना पाळक म्हणाला, "उद्या घाई नको. पुढच्या रविवारी मी उपासनेत सगळ्यांसमोर विचारतो. उभं राहणारं कोणी निघालं तर चालू ठेवू. नाही निघालं तर मग... थोडं थांबू."

'थोडं थांबू' म्हणजे काय, हे ताईला कोणी सांगायला नको होतं. सोन्याच्या शाळेनेही एकदा तसंच म्हटलं होतं. त्यानंतर तो घरीच होता.

तिने कानाला खडा लावला. आता कोणापुढे पदर पसरायचा नाही. माणसं गोड बोलतात, केस कापून घेतात, आणि निघताना "येते हं" म्हणून जातात. आपण मेल्यावर या पोराचं काय होईल, हा विचार ती एरवी रात्रीसाठी ठेवायची. त्या आठवड्यात तो भर दुपारी, गिऱ्हाइकाच्या डोक्याला तेल लावतानाही यायला लागला.

अशातच कोपऱ्यावरची बेकरीवाली काकू केस रंगवायला आली. बाई प्रेमळ, पण जिभेला हाड नाही. दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देणं तिच्या स्वभावातच नव्हतं. सोन्याच्या किती वाक्यांचा तिने आजवर घास घेतला होता, त्याला गणती नाही. शनिवारी येते म्हणणाऱ्यांत तीही होती. ताईने त्या विषयाचं अक्षर काढलं नाही. पटापटा केसांना रंग फासला, प्लास्टिकची टोपी घातली, "आता रंग चढेपर्यंत हलायचं नाही," असं बजावलं आणि वाट्या-ब्रश धुवायला पडद्यामागे गेली. एरवी ती गिऱ्हाइकाशी गप्पा मारत थांबायची. पण आज तिला कोणाचं तोंडही बघावंसं वाटत नव्हतं.

बाहेर केस झाडायचा आवाज थांबला. मग सोन्याचा आवाज आला.

"का... काकू..."

"काय रे बाळा? पाणी?"

"श... शनि..."

"शनिवार? अरे, आज कुठे शनिवार? आज बुधवार."

"ना... नाही. शनिवारी... तु..."

"शनिवारी तुला काय पाहिजे? पाव? केक पाहिजे? देईन हो."

ताईने नळ बंद केला. तिला नेमकं कळलं होतं पोराला काय म्हणायचंय. शनिवारी तुम्ही का नाही आलात? किंवा, या शनिवारी याल का? पडदा बाजूला सारून ते वाक्य पुरं करावं, आणि वर चार शब्द स्वतःचेही ऐकवावेत, म्हणून ती पुढे झालीही. पण कानाला लावलेला खडा आठवला. पुन्हा भीक मागायची नाही. ती पडदा मुठीत धरून तिथेच उभी राहिली.

बेकरीवालीने आणखी दोन-तीन शब्द सुचवून बघितले. ते काही जुळले नाहीत. एरवी ती "बरं बरं" म्हणून उठून गेली असती. पण डोक्यावर रंग, गळ्याभोवती कापड, जाणार कुठे? शेवटी तिचेही शब्द संपले. खोलीत शांत झालं. सोन्याचा श्वास ऐकू येत होता. शब्द ओठांशी यायचा, अडायचा, मागे जायचा, पुन्हा यायचा. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या मध्ये कोणी आलं नाही.

"शनिवारी... तुम्ही... का... काय... करता?"

पडद्यामागे ताईचा चेहरा उतरला. तिने ओळखलेलं वाक्य हे नव्हतंच. पोराने काही मागितलं नव्हतं. त्याने फक्त समोरच्या बाईची विचारपूस केली होती. आजवर आपण पुरी करून दिलेली किती वाक्यं त्याची होती आणि किती आपलीच, हे ती मनाशी मोजायला लागली. तिने त्याला सगळं भरवलं होतं, आणि त्याच्या तोंडचं मात्र काढून घेतलं होतं.

बाहेर बेकरीवाली गप्प होती. ती गप्प आहे, यावर गल्लीत कोणाचा विश्वास बसला नसता.

"मी?" ती म्हणाली. "शनिवारी आम्ही लवकर बंद करतो ना. मग... काही नाही रे. लेक इथे असताना ती यायची शनिवारी. लांब गेली आता. मी आपली टीव्ही मोठ्याने लावते. घरात माणसं आहेत असं वाटतं." थोड्या वेळाने म्हणाली, "अजूनही दोन ताटं घेते बघ चुकून. मग एक परत ठेवते."

सोन्याने काहीतरी विचारलं. त्यालाही वेळ लागला. ती थांबली. तिने सांगितलं. मग तिने त्याला काहीतरी विचारलं आणि पुन्हा थांबली. ताई पडद्यामागे ऐकत राहिली, डोळे पुसत राहिली, आणि घड्याळाकडे बघायचं तिघांच्याही लक्षात राहिलं नाही. टोपी काढली तेव्हा काकूंचे केस पिकल्या जांभळासारखे झाले होते.

"अगं बाई!" ताईने कपाळाला हात लावला. "काकू, माझं लक्षच..."

"राहू दे गं," बेकरीवाली आरशात बघत म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं. "या वयात कोण बघतंय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हे. ताई कात्री घेऊन गावभर माणसं मागत फिरली, आणि ज्याने विचारायला हवं होतं तो घरातच केस झाडत होता. त्या आठवड्यात रंगवायला येईल तिला टोपी घातली की ताई मुकाट्याने पडद्यामागे जायची. सोन्या झाडू भिंतीला टेकवायचा आणि तोच प्रश्न विचारायचा. रंग चढायला वेळ लागतो आणि सोन्यालाही लागतो. दोन्ही कामं एकदमच व्हायची. एक म्हणाली, मी कपाटं आवरते, आवरलेलीच पुन्हा आवरते. एक म्हणाली, आजवर मला हे कोणी विचारलं नाही.

पण पार्लरमधलं बोलणं पार्लरमध्ये. ताईने एकदा हात पोळून घेतले होते. रविवारी पाळकाने सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा ती फरशीकडे बघत बसली. सोन्याची बंद मूठ तिने दोन्ही हातांत धरली होती. मंडळीत अळीमिळी गुपचिळी. कोणी खोकलं. कोणी गीतांचं पुस्तक उघडून मिटलं. पाळकाने चष्मा काढला, आणि ताईला वाटलं, आता हा 'थोडं थांबू' म्हणणार.

पुढचा एक बाक करकरला. जांभळं डोकं वर आलं.

"मी येणार," बेकरीवाली म्हणाली. "आमचं दोघांचं बोलणं अर्धं राहिलंय."

मग कपाटं आवरणारी उभी राहिली. मग आणखी दोघी. खुळखुळा पाठवणारीसुद्धा उभी राहिली, मान खाली घालून. आणि मग तरुण संघातला टपालवाला, उंच, घोगऱ्या आवाजाचा मुलगा, भिंतीशी उभा होता तिथूनच बोलला. "मीही येतो. मला कोणी विचारलंच नव्हतं."

"असं कसं?" पाळक म्हणाला. "ताईंनी सगळ्यांना विचारलं."

"बायकांच्या पार्लरमध्ये मी कसा जाणार?"

सगळं चर्च हसलं. ताईने जीभ चावली. खरंच की! माणसं मागायची म्हणून तिने फक्त आपल्या खुर्चीत बसणारीच माणसं धरली होती. बाकीची अर्धी मंडळी तिच्या हिशेबातच नव्हती. ती हसता हसता रडायला लागली, आणि सोन्याने आपली मूठ सोडवून घेतली, कारण त्याला टपालवाल्याला हात करायचा होता.

शनिवार सुरू झाले. सगळंच काही गोडीगुलाबीने झालं असं नाही. नळवाल्याची मुलगी दोनदा भांडून रुसली. कपाटं आवरणारी पहिल्यांदा मुलांशी मोठमोठ्याने बोलायची, जणू सगळेच बहिरे आहेत. पण ऐकू न येणाऱ्या भावंडांनी सगळ्यांना प्रभूची प्रार्थना हातांनी म्हणायला शिकवली, आणि एक वाचन सोन्याकडे आलं. तो दोन ओळी वाचेपर्यंत सगळे थांबायचे. ताई दर शनिवारी बरोबर जायची, दाराशी बसायची. त्याचं वाक्य अडलं की तिची जीभ दातांमागे शिवशिवायची.

मग एका शनिवारी ती निघायची तयारी करत होती, तोच टपालवाला दारात आला. "सोन्या, चल. काकू कोपऱ्यावर थांबल्यात." ताईने घाईघाईने पर्स उचलली, चपला शोधल्या. सोन्या उंबऱ्यात उभा होता. त्याने डावा हात तिच्यापुढे आडवा धरला.

"आई, तू... घ..."

घाई करू नकोस. घर बंद कर. घे ना पाणी. ताईच्या तोंडाशी सगळे शब्द तयार होते. तिने ओठ मिटून घेतले. टपालवाल्यानेही काही सुचवलं नाही.

"तू घरी... थांब."

ताई एक चप्पल पायात, एक हातात, अशी उभी राहिली. याच गोष्टीसाठी ती इतकी वर्षं झुरली होती, आणि आता ती समोर आल्यावर आपण रडू की काय, अशी तिला भीती वाटली. तो पायरी उतरला. पाय फरफटत, टपालवाल्याच्या खांद्याला न धरता, गल्लीत गेला. आजवर ती चाल तिने शेजारून बघितली होती. पाठमोरी कधी बघितली नव्हती.

अर्ध्या गल्लीत तो थांबला आणि वळला. त्याचं तोंड हलायला लागलं. टपालवाला थांबला. कोपऱ्यावर बेकरीवाली पावांची पिशवी कडेवर घेऊन थांबली. समोरच्या घरातला मुलगा चपला घालता घालता बघत राहिला.

"आ... आई... ये... येतो... गं!"

आता फक्त "लवकर ये" म्हणायचं होतं. इतक्या वर्षांची तयारी होती. ताईने तोंड उघडलं, पण शब्द ओठांशी आला आणि अडला. मागे गेला. पुन्हा आला. गल्लीत सगळे तिच्याकडे बघत उभे होते. कोणी तिचं वाक्य पुरं करून दिलं नाही.

"सा... सावकाश ये," ती म्हणाली. "सावकाश ये रे, बाबा."

त्याने डावा हात वर केला. तिघं कोपऱ्यावरून वळली. काकूंचं बोलणं सुरू झालेलं ऐकू आलं, मग मध्येच थांबलेलं, आणि मग सगळ्यांचं हसणं. ताई आत आली, हातातली चप्पल खाली ठेवली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत दाराकडे तोंड करून बसली.